खोललेले इंजिन आणि खचलेले मन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक ट्रकमालक आले. वय पन्नाशीच्या पुढचे, निम्मे आयुष्य स्टिअरिंगवर गेलेले. सोबत त्यांची पत्नी होती. तक्रार कंबरदुखीची. तपासताना दिसले की दुखणे एकट्या कंबरेचे नव्हते. झोप नाही, जेवणावर वासना नाही, तंबाखू दुप्पट झालेली आणि बोलताना नजर खाली.

"नाना, गाडी कुठे असते हल्ली?" मी सहज विचारले.

"घरासमोर उभी आहे, डॉक्टरसाहेब. आखाजीला इंजिन उतरवलं. निळा धूर मारत होती, ऑइल खात होती. पंधरा दिवसांत बांधून टाकू म्हणून स्वतःच हात घातला. आता पोळा झाला. ब्लॉक ताडपत्रीखाली, सामान खोक्यांत. रोज सकाळी ठरवतो की आज बसायचंच. पण हातच लागत नही."

वहिनी म्हणाल्या, "मी बोलले तर यांना राग येतो. गल्लीतले लोक विचारतात, गाडी विकली का म्हणून. दसऱ्यानंतर कापूस निघेल. तेव्हा गाडी उभी राहिली तर हप्ता कशातून भरायचा?"

कंबरेचे औषध मी लिहून दिले. पण नानांचे खरे दुखणे त्या गोळ्यांनी जाणारे नव्हते. वाचकहो, आपल्या बोदवड परिसरात अशा ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या थोड्या नाहीत. कुणाचा ट्रक, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचे विहिरीवरचे डिझेल इंजिन. हौसेने खोललेले असते आणि मध्येच अडकलेले असते. लोक त्या माणसाला 'आरंभशूर' म्हणून मोकळे होतात. माझे मत वेगळे आहे. ही माणसे आळशी नसतात, ती थकलेली असतात. थकलेल्या माणसाला टोमणा मारून काम होत नाही. त्याची झोप, त्याची कंबर आणि त्याच्या कामाची मांडणी, या तीन गोष्टी आधी दुरुस्त कराव्या लागतात.

आधी हे सांगतो की स्वतः इंजिन बांधायला निघणे यात वेडेपणा काही नाही. अलीकडच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आहेत. त्यांचा दोष संगणक लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून घरी त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. पण जुन्या टाटाचे सहा सिलिंडरचे इंजिन निव्वळ लोखंडाचे आणि अकलेचे काम आहे. ज्याने ते तीस वर्षे चालवले, कानाने ओळखले, त्याला ते समजू शकते. मजुरी वाचते आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर भीती वाटत नाही. अडचण कौशल्याची नसून मनाची असते, आणि ती ठरावीक ठिकाणीच येते.

इंजिन खोलायला दोन दिवस पुरतात. पाना लावला की नट सुटतो, भाग बाजूला येतो, प्रगती डोळ्यांना दिसते. चार मित्र जमतात, चहा होतो. शेवटी इंजिन चढवून सेल मारायचा दिवसही उत्साहाचाच असतो. खरा वनवास मधला. ब्लॉक धुवायचा, काजळी खरवडायची, लायनरसाठी ब्लॉक आणि ग्राइंडिंगसाठी क्रँक लेथवाल्याकडे न्यायचा, बेअरिंग कोणत्या साइझचे लागेल ते कळेपर्यंत थांबायचे, भुसावळला न मिळालेल्या एका वॉशरसाठी जळगावला खेप घालायची. आठवडाभर राबले तरी बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन तसेच पडलेले दिसते, आणि काही दिवसांनी करणाऱ्यालाही तसेच वाटू लागते.

हा केवळ नानांचा स्वभाव नव्हे. २०११ साली बोनेझी, ब्रेंडल आणि डी अँजेलिस या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले की कोणत्याही कामात माणसाचा जोर सुरुवातीला आणि शेवटाकडे जास्त असतो, मध्यावर तो उतरतो. सुरुवातीला आपण किती केले हे मोजतो, शेवटी किती उरले हे मोजतो. मध्यावर दोन्ही टोके सारखीच लांब वाटतात. मुक्ताईनगरहून नागपूरला निघालेल्या ड्रायव्हरला हे समजावून सांगायला नको. झोप त्याला मुक्ताईनगरला येत नाही आणि नागपूर दिसू लागल्यावरही येत नाही. ती येते मधल्या रस्त्यात.

यावर उपाय एकच, मध्य उरूच द्यायचा नाही. 'इंजिन बांधणे' हे कामाचे नाव वहीतून खोडून टाका. ते इतके मोठे आहे की रोज संध्याकाळी ते अपुरेच दिसणार. त्याऐवजी तुकडे करा आणि प्रत्येकाला नाव द्या. आज ब्लॉकचे पाण्याचे आणि ऑइलचे मार्ग साफ करणे. उद्या पहिल्या दोन सिलिंडरचे वॉल्व्ह घासणे. परवा पिस्टनच्या खाचा साफ करून रिंगा बसतात का ते पाहणे. प्रत्येक तुकडा दोन तासांत संपणारा हवा. संपला की वहीत तारीख घालून बरोबरची खूण करा. महिन्याने निराशा आली तर वही उघडून पाहा. ताडपत्रीखाली न दिसणारी प्रगती तिथे दिसेल.

नानांची दुसरी तक्रार झोपेची. अंथरुणाला पाठ टेकली की टायमिंग गिअर, बेअरिंग आणि हप्ता हे तिन्ही डोक्यात फिरू लागत. अर्धवट काम असेच असते. आपण त्याला सोडले तरी ते आपल्याला सोडत नाही. २०११ सालीच अमेरिकेतील मॅसिकॅम्पो आणि बॉमेस्टर या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात डोकावत राहतात, पण ते काम केव्हा, कुठे आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली की हा त्रास कमी होतो. काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही, योजना पक्की असली तरी मन शांत होते. २०१८ साली अमेरिकेच्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. म्हणून मी नानांना झोपेची गोळी दिली नाही. पोराच्या शाळेची एक जुनी वही घ्यायला सांगितली. रात्री जेवणानंतर उद्याचा एकच तुकडा त्यात लिहायचा, लागणारी हत्यारे लिहायची आणि वही मिटून झोपायचे.

त्याला जोडून आणखी एक सवय लावा. काम थांबवताना अडलेल्या जागी थांबू नका. जिथे पुढची पायरी स्वच्छ माहीत आहे, अशा जागी पाना खाली ठेवा. अडलेल्या जागी सोडलेल्या कामाकडे सकाळी पाय वळत नाहीत. सोप्या पायरीवर सोडले तर हात आपोआप सुरू होतो.

सामानाची व्यवस्था हीसुद्धा मनाचीच दवा आहे. सगळे नटबोल्ट एका घमेल्यात पडलेले पाहून भल्याभल्यांचे अवसान गळते. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा, वर चिठ्ठी लावा. खोलताना मोबाइलवर फोटो काढा. मेन बेअरिंगच्या टोप्या आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्या ज्या जागेच्या त्याच जागी, त्याच दिशेने बसल्या पाहिजेत, कारण त्यांचे भोक जोडीनेच कोरलेले असते. त्यांवर क्रमांक नसेल तर खोलण्याआधीच खूण करा. क्रँक बसवताना एकेक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहा. अडला तर दोष कोणत्या टोपीत आहे ते लगेच कळते. मोकळा फिरला तर त्या दिवसाची कमाई हातालाच जाणवते. असा रोजचा लहान पुरावा मनाला भाषणापेक्षा जास्त बळ देतो.

आता अभिमानाविषयी थोडे. 'स्वतः करतो' म्हणजे 'सगळे एकट्याने करतो' असे नव्हे. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात विजेच्या इंजिनांची ठरावीक मुदतीने मोठी दुरुस्ती होते. तिथे एक माणूस एक इंजिन बांधत नाही, कामे वाटलेली असतात. लायनर, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडची पातळी ही लेथवाल्याची कामे. डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याचे. ती त्यांना द्या आणि त्यात कमीपणा मानू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलावून झालेले काम दाखवा. चूक लवकर सापडते, शिवाय कुणीतरी येणार आहे म्हटले की कामाला आपोआप हात लागतो.

एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात, म्हणून आपल्याच खानदेशाशी जोडलेली एक खरी गोष्ट सांगतो. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी १९९८ साली स्वतः विमान बांधायचा पहिला प्रयत्न केला. तो फसला. दुसऱ्या विमानालाही आकाश मिळाले नाही. मग मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधायला घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याची उड्डाण चाचणी झाली ती आपल्या धुळ्याच्या विमानतळावर. पहिल्या प्रयत्नापासून बावीस वर्षे!

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, याला म्हणतात इच्छाशक्ती. असेल. पण मला त्यात आणखी काही दिसते. या काळात ते वैमानिकाची नोकरीही करत होते आणि घरचे माणूस पाठीशी होते. फसलेल्या पहिल्या दोन प्रयत्नांना त्यांनी स्वतःची लायकी मानले नाही, शिक्षण मानले. बावीस वर्षे कुणी निव्वळ उत्साहावर काढू शकत नाही. तिथे रोजची शिस्त लागते आणि घरच्यांची साथ लागते. नानांना मी हेच म्हणालो, "त्यांना बावीस वर्षे लागली, तुमचे चारच महिने झालेत. लाज कसली?"

मुदतीचा अंदाजही आपणच चुकवतो आणि मग स्वतःला दोष देतो. १९९४ साली बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर होते ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. शिकल्यासवरल्यांचे हे, तर आपले काय? म्हणून पंधरा दिवस वाटत असतील तर घरी आणि हप्तेवाल्याला महिनाभर सांगा. पैशांचेही तसेच. सगळा पैसा पहिल्याच खेपेला सामानात घालू नका, थोडा हाताशी राखा. ऐनवेळी एका गॅस्केटसाठी काम अडते आणि अडलेले काम मन खाते.

आता शरीराकडे वळू, कारण दुखऱ्या शरीरात उमेद टिकत नाही. नानांनी मे महिन्याच्या उन्हात, भर दुपारी, जमिनीवर उकिडवे बसून काम केले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे, दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. चहा हा पाण्याला पर्याय नव्हे. शक्य तितके काम कंबरेच्या उंचीच्या टेबलावर घ्यावे. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने १९९१ साली ठरवलेल्या हिशेबाप्रमाणे, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोपर्यंतच आहे. सहा सिलिंडरचे हेड किंवा क्रँक एकट्याने उचलणे म्हणजे कंबरेच्या चकतीशी जुगार. चेनकप्पी भाड्याने मिळते, कंबर मिळत नाही. आणि कप्पीला टांगलेल्या इंजिनाखाली क्षणभरसुद्धा हात किंवा डोके घालू नये.

काही सवयी मात्र आजच सोडा. जळके ऑइल कातडीवर दिवसेंदिवस राहिल्याने कातडीचे विकार होतात, दीर्घ काळाने कर्करोगाचाही धोका असतो. हात पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, त्याने कातडी फाटते. थोडे खाण्याचे तेल चोळून मग साबण लावा. मळ सुटतो आणि आपल्याकडे जपून वापरावे लागणारे पाणीही वाचते. तोंडाने नळी ओढून डिझेल काढू नका. ते ठसक्याने फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. चुकून गिळले तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात आणा. नोझलची फवारणी हातावर घेऊन पाहणे तर फारच घातक. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत बोट सडू लागते. दुखत नसले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठा. घासताना, ठोकताना चष्मा लावा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडू नका, ओले करून काढा. इंजिन सुरू झाले की ते उघड्यावर चालू द्या, बंद शेडमध्ये नको. डिझेलचा धूर कर्करोग करतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. धनुर्वाताची सुई वेळेवर घेतलेली असू द्या.

तंबाखूविषयी वेगळे काय सांगू? काम अडले की चिमूट भरायची, हा क्रम हाताला लागतो. तेवढ्या वेळात उठून दोन मिनिटे चाला, पाठ ताणा, पाणी प्या. अडलेला बोल्ट तंबाखूने सुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही. दारूचेही तेच. तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती पुरी नसते आणि दुसरा दिवस वाया जातो.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. दर वेळी हा थकवाच असतो असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगून काय करायचे असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. मधुमेह, रक्तक्षय, थायरॉइड यांनीही माणूस असाच गळून जातो, म्हणून रक्त तपासून घ्यावे. दवाखान्यात येण्याचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

आणि घरच्यांना हात जोडून विनंती. "झालं का इंजिन?" हा प्रश्न विचारू नका. त्याला 'नाही' हेच उत्तर असते आणि ते रोज द्यावे लागले की माणूस घरात शिरायलाही कचरतो. त्याऐवजी विचारा, "आज काय बसवलं?" या प्रश्नाला काहीतरी उत्तर असते. वहिनींनी हे मनावर घेतले. संध्याकाळी दहा मिनिटे त्या खोक्यांपाशी बसू लागल्या, मुलगा चिठ्ठ्या लिहू लागला.

गेल्या आठवड्यात नाना कंबर दाखवायला पुन्हा आले. इंजिन अजून सुरू झालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण क्रँक बसला आहे, चार पिस्टन आत गेले आहेत आणि दोन बाकी आहेत. तंबाखू सुटली नाही, कमी झाली आहे. झोप मात्र लागते. खिशातून वही काढून त्यांनी मला खुणा दाखवल्या, जसा शाळकरी पोरगा प्रगतिपुस्तक दाखवतो. "दसऱ्याला पूजा गाडीचीच करीन, पान्यांची नही," असे म्हणाले. मी म्हटले, "नाना, दसऱ्याला नाही जमले तर दिवाळीला करा. पण आज रात्री अकराच्या आत झोपा."

तुमच्याही अंगणात एखादी ताडपत्री असेल तर आज संध्याकाळी ती उचला. काम करू नका. फक्त काय काय आहे ते पाहा, उद्याचा एक तुकडा वहीत लिहा आणि झोपी जा. बाकीचे उद्या सकाळी.